आपल्याला गाडी घ्यायची

भाद्रपद सरत आला की आमच्याकडचा रस्ता निम्मा होतो. वाटूर फाट्याच्या पुढे डांबराच्या एका बाजूवर लोक सोयाबीन पसरतात, कडेनं दगड मांडतात, आणि ट्रकवाले मुकाट्यानं उरलेल्या बाजूनं जातात. त्याच दिवसांत, त्याच रस्त्यावर, विजेच्या खांबांवर मोटारसायकलींचे फलक लागतात. दसऱ्याला गाडी घरी आणा. फलकावर एक हसरा तरुण गाडीवर बसलेला असतो आणि त्याच्या मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एक बाई बसलेली असते. तीही हसत असते. ती कशाला हसते हे मला सात वर्षांत कळलेलं नाही.

या दिवसांत लोकांना बरं वाटतं. उन्हात तडतडणाऱ्या शेंगा, मळणीयंत्राचा उडणारा भुसा, कपाशीची पहिली वेचणी, संध्याकाळी अंगावर येणारा जरासा गारवा. मलाही हे सगळं दिसतं, वास येतो, नाही असं नाही. पण मला सगळ्यात आधी राग येतो. पितृपंधरवड्यात पितर येतात तसा तो नेमानं येतो आणि जेवल्याशिवाय जात नाही. म्हणून यंदा त्याला पाट मांडून बसवायचं ठरवलं आहे.

मी कृषी सहायक आहे. सात वर्षांपूर्वी नवीनच लागले होते, सत्ताविसाव्या वर्षी. माझ्याकडे पाच गावं होती आणि त्या पाच गावांच्या मधली सगळी जमीन काळी. पाऊस पडला की ही जमीन पायातली चप्पल काढून घेते. पंचनाम्याला, पेरणीच्या नोंदीला, कीड बघायला पांदणीतून आत जावं लागतं. बैलगाडीच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना बाभळी, मधे गुडघाभर चिखल. ज्यांनी ज्यांनी मला "स्कूटी घ्या की मॅडम" असं सांगितलं, त्यांतल्या एकानंही स्कूटी पांदणीत घालून पाहिलेली नव्हती. तिचं चाक लहान, वर बसकं मडगार्ड. शंभर पावलांत मधे चिखल भरतो, चाक फिरायचं थांबतं आणि मग तुम्ही काडी घेऊन उकरत बसता. मोटारसायकलचं चाक मोठं, चिखलातून वाट काढणारं. हे कामाचं साधं बोलणं होतं. समोरचा माणूस ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "ते बराबर हाये मॅडम, पण ती जेन्ट्स गाडी हाये."

जेन्ट्स गाडी. आमच्याकडे सायकलीलाही जेन्ट्स आणि लेडीज म्हणतात, मधल्या दांड्यावरून. मोटारसायकलीला तर दांडा नाही, टाकी आहे. टाकीत पेट्रोल असतं. मराठीत गाडी स्त्रीलिंगी. ती चालते, ती रुसते, ती बंद पडते, ती माहेरी गेल्यासारखी गॅरेजात जाऊन पडते. एवढं सगळं बाईसारखं करून ती जेन्ट्स कशी होते, हे मी एकदा तालुक्याच्या कार्यालयात विचारलं होतं. सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

आमच्या घरात तोवर गाडीच नव्हती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सायकलीच्या पुढं काही चालवता येत नव्हतं. त्यांचं गावात किराणा दुकान. मी फाट्यापर्यंत चालत जायचे, तिथून काळीपिवळी जीप, तिथून पुन्हा चालत. कधी कधी शेजारच्या गावांचे कृषी सहायक, लग्न झालेले, दोन लेकरांचे गृहस्थ, मला त्यांच्या गाडीवर सोडायचे. चौथ्या की पाचव्या वेळी दुकानात गूळ घ्यायला आलेल्या कुणीतरी अण्णांना विचारलं, "मॅडम काल कुणाच्या गाडीवर होत्या?" विचारलं फक्त, पुढं काही म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी अण्णांनी एवढंच सांगितलं की उद्यापासून दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं नाही.

मग मी चालत राहिले. सोयाबीन काढल्यावर रानात जी खुंटं राहतात ती चपलेच्या तळातून पाय फोडतात. एकदा अवकाळी पावसानंतर पंचनाम्याला एका शिवारात दहाला पोचायचं होतं, पोचले दोनला. बांधावर एक बाई बसली होती, तीच त्या शेताची मालकीण. डोक्यावर पदर, हातात सातबारा. ती उठलीसुद्धा नाही. "आमी कामून थांबावं मॅडम," ती म्हणाली, "तुमाला गाडी भेटंना म्हणून?" तिच्यावर मला राग आला नाही. ती अगदी बराबर बोलली होती, आणि त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की गाडी घ्यायची. कुणाची वाट बघायची नाही, कुणाच्या मागे बसायचं नाही. मला पाहिजे होती ती एवढीच एक गोष्ट, माझी गाडी माझ्या हातात.

शिकले मी फाट्यावरच्या शब्बीरचाचांकडे. त्यांचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुनिंब. मागे कापसाची एक बंद पडलेली जिनिंग होती, तिचं मोठं मोकळं आवार. श्रावणभर संध्याकाळी मी तिथं त्यांच्या जुन्या गाडीवर गोल गोल फिरले. घरी सांगायचे, कार्यालयात बैठक आहे. कुंपणाच्या तारांना कधीकाळचा कापूस अडकलेला असायचा, मळून काळा झालेला. चाचा स्टुलावर बसून बिडी ओढायचे आणि तिथूनच सांगायचे, "क्लच एकदम सोडू नका मॅडम. गाडी घाबरती. धीरे से. हां. आता तिला कळलं तुमी कोण हाय ते." पहिल्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "किसके लिए? कुणासाठी शिकून राह्यल्या?" मी म्हटलं, माझ्यासाठी. "बस," म्हणाले, आणि किल्ली दिली. तो प्रश्न तेवढ्या सरळ दुसऱ्या कुणीही मला विचारला नाही. माझ्या घरानं तर मुळीच नाही.

लायसन्स काढायला जालन्याला गेले. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटानं माझ्याकडे वर न बघता लिहिलं, विदाउट गियर. मी म्हटलं, विथ गियर. त्यानं पेन थांबवलं. "मॅडम, स्कूटीला विदाउटच लागतं." मी म्हटलं, मोटारसायकल चालवायची आहे. "साहेबांची हाये का?" मी म्हटलं, साहेब नाहीत. मग त्यानं नाइलाजानं खाडाखोड केली. मैदानावर आठचा आकडा काढायचा होता, तो मी पाय न टेकवता काढला. माझ्या आधीच्या तीन पोरांनी टेकवला होता. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण तेव्हा ते बघायला माझ्या बाजूचं कुणी नव्हतं.

आता पोळ्याची संध्याकाळ. हिच्यापाशी आले की अजूनही माझे कान गरम होतात. बैल ओवाळून झाले होते, पुरणपोळ्यांचा वास घरभर होता, अण्णा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्यापुढं बसले आणि धीर करून म्हटलं, "अण्णा, दसऱ्याला आपल्याला गाडी घ्यायचीय."

मी भांडणाच्या तयारीनं बसले होते. पांदणी, चिखल, चाकं, त्या बाईचा सातबारा, सगळं तोंडपाठ करून आले होते. अण्णा म्हणाले, "बराबर हाये. घ्यायलाच पाहिजे. मी तेच बोलणार व्हतो." मला रडू यायचं बाकी राहिलं. आत जाऊन मी आईला मिठी मारली. तिनं पिठाचे हात लांब धरले आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, अण्णा हो म्हणाले.

त्यानंतरचा महिना मी इतकी खुश होते की आज आठवलं तरी स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. सगळं घर गाडीच्या तयारीला लागलं. माझा धाकटा भाऊ विशाल तेव्हा तेवीस वर्षांचा, पदवी झालेला, नोकरीची परीक्षा देणारा, दोस्तांच्या गाड्यांवर हात बसलेला. तो रात्रंदिवस मोबाइलवर गाड्या बघायचा आणि मला दाखवायचा. ताई ही बघ, ताई हिचं मायलेज बघ, ताई काळ्यावर लाल पट्टा कसा दिसंल. मला वाटायचं, किती माया करतो माझ्यावर. पितृपंधरवड्यात गाडीचं नावही काढायचं नाही असं आईनं बजावलं, तर आम्ही दोघं भावंडं तिच्या पाठीमागे खुणेनं गाडीबद्दल बोलायचो. अण्णांनी तर गावभर सांगितलं. अण्णांच्या खरेदीचं गावात नाव होतं. म्हैस घ्यायची, पिठाची चक्की घ्यायची, लग्नाची भांडी घ्यायची, लोक अण्णांना सोबत नेत. गुळाच्या ढेपेला नुसतं नख लावून ते ऊस कुठला सांगायचे. त्यांना आजवर कुणी फसवलेलं नव्हतं आणि हे त्यांनाही चांगलं माहीत होतं.

दसऱ्याला जालन्याच्या शोरूममधे पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या माळा, नारळांचा ढीग, दर पाच मिनिटांनी एक फोटो. मी नवी साडी नेसले होते. सणाचा दिवस होता, आणि गाडी चालवत घरी जायचं म्हणून सलवार-कमीज पिशवीत घेतला होता. अण्णांनी गाडी बघायला अर्धा तास घेतला. बोटांच्या पेरांनी टाकी वाजवली, टायर अंगठ्यानं दाबला, साखळीला हात लावून वास घेतला. पहिली गाडी एका ओरखड्यावरून परत केली. दुसरी पास झाली. मग आम्ही टेबलाशी गेलो. टेबलामागच्या माणसानं सांगितलं, "नाव एकदा बघून घ्या," आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर विशालचं नाव होतं. आडनावासकट, आधार क्रमांकासकट. बुकिंग त्यानंच मोबाइलवरून केलं होतं.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "गाडी माझ्या नावावर हाये."

"का गं?" अण्णांनी विचारलं. खरंच विचारलं, त्यांना कळत नव्हतं.

"मी घेऊन राह्यले म्हणून."

"आपण घेऊन राह्यलो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला चालवायचीय."

अण्णा हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच ते मला अजून विसरता आलेलं नाही. "तू कशाला चालवतीस बाई? तुला सोडायला-आणायला तर घेऊन राह्यलो. विशाल सोडंल रोज. त्याचं बी लग्नाचं बघायचं, दारात गाडी बरी."

मी पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. विशालनं ते उचललं, वाचलं आणि हळूच म्हणाला, "विथ गियर हाये, अण्णा." मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, मंग तू आधी कामून न्हाई सांगितलं? मी तर सगळ्या दोस्तांना सांगून आल्तो."

"जल्दी सांगा," टेबलामागचा माणूस म्हणाला, "मागं लाईन हाये."

चारचौघांत आवाज चढवणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. ते थोडा वेळ माझ्या लायसन्सवरच्या फोटोकडे बघत राहिले. मग टेबलामागच्या माणसाला म्हणाले, "टाक तिचं नाव. पगार तिचा हाये." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पण गाडी विशाल नेईल घरी. गाव आज सगळं दारात बसलेलं असतंय. सणाच्या दिवशी तमाशा नको. एवढं माझं ऐक."

मी ऐकलं. नाव मिळालं होतं, त्याच्या बदल्यात मी ऐकलं. फोटो काढणाऱ्यानं कागदावरचं नाव न वाचताच किल्ली विशालच्या हातात दिली, हारही त्यालाच हँडलवर घालायला लावला. अण्णा बसनं येणार होते. आणि त्या दसऱ्याला मी माझ्याच गाडीवर मागे बसून घरी आले.

मागच्या चाकाला डाव्या बाजूनं एक जाळी असते. तिला साडीगार्ड म्हणतात. तोवर मी ती हजारदा पाहिली होती, पण त्या दिवशी जालना ते वाटूर एवढा वेळ माझा पाय तिच्याशेजारी होता. पदर चाकात जाऊ नये म्हणून ती लावतात, चांगलीच गोष्ट आहे, जीव वाचतात. पण गाडी बनवणाऱ्यांनी आणि कायदा करणाऱ्यांनी बाई गाडीवर कुठं बसणार हे आधीच ठरवून तिथं जाळी लावून ठेवली होती. पुढच्या चाकाला साडीगार्ड नसतं. पुढे बसणाऱ्याला साडी असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. मी पिशवीतला सलवार-कमीज मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि विशाल दर खड्ड्याला विचारत होता, "ताई, लागलं का गं?"

घरी आईनं टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडीवर बसलेल्या विशालला ओवाळलं. तिच्या हातात दिवा होता. कुंकवाचं आणि साखरेचं ताट तिनं माझ्याकडे धरायला दिलं होतं.

या सात वर्षांत मी त्या पोळ्याच्या संध्याकाळकडे पुन्हा पुन्हा जाऊन आले आहे. मी काय म्हटलं होतं? आपल्याला गाडी घ्यायचीय. 'मला' असं म्हटलं असतं तर तिथंच भांडण झालं असतं, तिथंच मिटलं असतं किंवा पेटलं असतं, पण निदान एकाच गोष्टीबद्दल झालं असतं. पारावरची पोरं 'आपल्याला' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'मला' असा असतो. आपल्याला फरक न्हाई पडत. आपल्याला असलं चालत न्हाई. त्यांच्या तोंडी तो शब्द छाती काढून उभा राहतो. पोरींच्या तोंडी तोच शब्द म्हणजे दाराआडून बोलणं. 'मला पाहिजे' हे आमच्या घरात कुठल्याच पोरीनं कधी म्हटलं नव्हतं. आईनं तर भाजीसुद्धा कधी 'मला आवडते' म्हणून केली नाही, 'घरात आवडते' म्हणून केली. मी शिकलेली, सरकारी नोकरीतली, आठचा आकडा पाय न टेकवता काढणारी, आणि आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट मागताना मी 'आपल्याला'च्या पदराआड लपले. अण्णांनी मला फसवलं नाही. त्यांनी 'आपल्याला' हा शब्द ऐकला आणि आमच्या घरात त्या शब्दाचा जो अर्थ होतो, मुलगा, तो अगदी बरोबर लावला. राग त्यांच्यावर आहे, पण त्याचा मोठा वाटा मी माझ्यासाठी काढून ठेवलेला आहे.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिळ्यावरची किल्ली काढली. विशाल झोपलेला होता. अण्णा अंगणात दात घासत होते.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"कामावर."

"विशालला उठवतो."

"झोपू द्या त्याला."

अण्णांनी चूळ भरली, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गावातून चालवायची न्हाई. डांबरापर्यंत ढकलत ने. तिथून पुढं तुझी मर्जी. मला या लोकांमधी दुकान चालवायचंय बाई."

कागद माझा, किल्ली माझ्या हातात, लायसन्स पर्समधे. मी बटण दाबायला हवं होतं. मी स्टँड काढला आणि ढकलायला लागले. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. अण्णांनी कधी कुणापुढं आवाज खाली घेतलेला मी पाहिला नव्हता, एवढं एक कारण. बाकी सगळी सवय.

आमच्या घरापासून डांबर पाऊण किलोमीटर. मधे पार, हौद, शाळा. नवी कोरी गाडी, टाकीवर कुंकू, हँडलला सुकलेला झेंडू, आणि ती ढकलणारी मी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गाडी ढकलताना तिचं वजन कळतं, खास करून हौदाजवळच्या चढाला. आणि लोक. गाडी ढकलणाऱ्या बाईकडे बघायला कुणालाच लाज वाटत नाही. उलट सगळ्यांना मदत करायची असते. "मॅडम, पेट्रोल हाये का बघा." "प्लग काढून पुसा, प्लगच असंल." "कार्बोरेटरमधी कचरा गेल्ता आमच्या बी." "आणा इकडं, मी चालू करून देतो." ज्याला सायकलीचं पंक्चर काढता येत नाही तोसुद्धा इंजिनाबद्दल बोलायचा. मी म्हणायचे, गाडी चांगली आहे. ते एकमेकांकडे बघायचे. डांबरावर पोचले की मी चाकं पुसायचे, बटण दाबायचे, आणि मग तिथून पुढं वाऱ्यासारखी जायचे. दहाच्या कामाला पावणेदहाला पोचायचे. चिखलातून गाडी तशीच गेली, जशी जाईल असं मी म्हटलं होतं. पण संध्याकाळी पुन्हा डांबराच्या कडेला थांबून इंजिन बंद करायचं आणि उतरायचं. त्या उतरण्याचा राग सगळ्यात वाईट. सकाळी ढकलताना निदान पुढं जायचं असायचं.

अण्णा दुकानात बसून हे रोज बघत होते. त्यांना कधीही काही वाटलं नाही. वाटलं असेल तर मला दिसलं नाही.

मग एके दिवशी देवीदासमामा दुकानात आले. हे आमचे शेजारी, नात्यातले नाहीत, पण गाव त्यांना मामा म्हणतं. मी आत चहा टाकत होते. त्यांनी विहिरीवर नवी मोटर बसवल्याचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "कधी आणली? मला बोलावलं न्हाई."

"म्हटलं तुमाला तरास कशाला," मामा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "राग नका मानू अण्णा. म्हशीचे दात बघून घेणारा माणूस तुमी. अन् गाडी अशी कशी पदरात पडली? पोरगी रोज ढकलत नेऊन राह्यली. सगळं गाव बघून राह्यलं. शोरूमवाल्यानं बिलकुल खराब माल दिला तुमाला."

आतून मला अण्णांचा चेहरा दिसत नव्हता. चहा नेऊन दिला तेव्हा त्यांनी कप घेतला नाही.

रात्री जेवताना म्हणाले, "उद्यापासून घरूनच चालू करून ने."

आईनं माझ्याकडे बघितलं. माझा घास हातातच राहिला.

"अन् पारापाशी जरा हळू कर," अण्णा म्हणाले. "आवाज ऐकू दे लोकांला."

दुसरा दिवस वसुबारसेचा होता. गल्लीत गाईंच्या पायांवर पाणी घालणं चाललं होतं. मी अंगणात बटण दाबलं, गाडी चालू झाली, मी बसले आणि निघाले. एवढ्या एका वाक्यासाठी मी श्रावणापासून झुरत होते. पारावर दहा-बारा माणसं होती, आणि त्यांच्यात, दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी, अण्णा उभे होते. मी वेग कमी केला.

"बघा," अण्णा सगळ्यांना म्हणत होते, "हात लावला की चालू. टाकी वाजवून घेतली मी."

देवीदासमामा म्हणाले, "गाडी तर चांगली हाये की. मंग पोरगी ढकलत कामून नेत व्हती?"

मी ब्रेकवर पाय ठेवला. हे उत्तर मला ऐकायचं होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. खरं एकच होतं आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, पोरगी गाडी चालवताना मला बघवत नव्हती, मीच तिला ढकलायला सांगितलं होतं, माझं चुकलं. शेवटचे दोन शब्द नसते तरी मी सगळं माफ करून टाकलं असतं.

"नव्या गाडीचं इंजिन कच्चं असतंय," अण्णा म्हणाले. "सेट होईस्तोवर गल्लीबोळात चालवायची न्हाई. डांबरापर्यंत ढकलतच न्यायची. लोकांला माहीत नसतंय."

"हां, बराबर," देवीदासमामा म्हणाले. बाकीच्यांनीही माना हलवल्या. कुणी तरी म्हणालं, अण्णांना सगळ्यातलं कळतं.

मला वाटलं होतं, माझ्याकडे बघून गाव तोंडात बोट घालेल. गावानं गाडीकडे बघितलं. बाई गाडी चालवते हा प्रश्न त्या दिवशी आलाच नाही, कारण त्याहून मोठा प्रश्न सुटला होता, अण्णा फसले की नाही. मी ज्यासाठी रडले ते मला मिळालं, पण मला म्हणून मिळालं नाही. मालाची अब्रू सांभाळायला कुणी तरी तो चालवून दाखवायचा होता आणि मी हाताशी होते. विशाल पुढे पुण्याला नोकरीला लागला, गाडी माझ्याकडेच राहिली. आजही परतूरला पेट्रोल भरताना विचारतात, भावाची का? अण्णांना आता गुडघ्यांमुळे चालणं होत नाही. दवाखान्याला ते माझ्या मागे बसून येतात, आणि भेटेल त्याला सांगतात की सात वर्षं झाली, एकदा बंद पडली नाही. गाडीबद्दल सांगतात.

पण त्या पारावरच्या बोलण्याचं पुढं जे झालं ते कुणीच ठरवलं नव्हतं. पुढच्या दसऱ्याला गावात तीन नव्या गाड्या आल्या. तिन्ही ओवाळल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन धडधाकट बाप्ये त्या ढकलत डांबराकडे निघाले. इंजिन सेट होईस्तोवर. अण्णा सांगतेत ना. आता ती रीतच पडली आहे. कंपनीचं पुस्तक मराठीत असतं, तरी कुणी वाचत नाही. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर मी कामाला निघाले तर हौदाच्या चढाला देवीदासमामांचा जावई गाडी ढकलत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लाल. मी मागून हॉर्न दिला. त्यानं गाडी बाजूला घेतली, कपाळाचा घाम पुसला आणि मोठ्या आदरानं विचारलं, "मॅडम, तुमाला अनुभव हाये. किती दिवस ढकलावं लागतंय हो?"

"मला पंधरा दिवस लागले," मी म्हटलं, आणि पुढं निघाले.